आत माणूस आहे

जातं फिरं गरागरा, जात्याला न्हाई डोळा
जपून फिर गं बाई, आत माझा जीव भोळा

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो लोखंडाच्या पोटातून येत होता. शेडमध्ये काळी धूळ, भट्टीची धग, घणांचे ठोके, आणि या सगळ्याच्या खालून, विहिरीच्या तळातून यावी तशी, ही ओवी. पुरुषाचा आवाज होता, पण चाल बायकांची. आई पहाटे दळायला बसल्यावर तिच्या मांडीवर डोकं ठेवून शिकल्यासारखी.

मी थांबले. माझ्यापुढं चालणारे चौगुले मेस्त्रीही थांबले.

"आत कोण गातंय?" मी विचारलं.

"केरबा मगदूम. वाळू खरवडतोय."

कोल्हापूरजवळची ती फाउंड्री. शेतीपंपांच्या बॉड्या ओतायचे तिथं. साच्यासाठी लागणारी वाळू ज्या मोठ्या लोखंडी पिंपात मळली जायची त्याला सगळे चक्की म्हणत. आत माणसाच्या छातीएवढी दोन जड चाकं आणि वाळू परतणारे फाळ. पाळी संपली की वाळू चाकांना, फाळांना चिकटून दगडासारखी व्हायची. मग कुणीतरी बाजूच्या दारातून आत शिरून ती छिन्नीनं खरवडून काढायची. गेली अठरा वर्षं तो कुणीतरी म्हणजे केरबामामा.

चक्कीचं बटण होतं तिच्या पाठीमागं, खांबापलीकडं. बटणापाशी उभं राहिलेल्याला दार दिसायचं नाही.

"मग ते आत असताना कुणी बटण दाबलं तर?"

मेस्त्रींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की चूल पेटल्यावर भाकरी कशी भाजते.

"गातोय न्हवं?" ते म्हणाले. "गानं चालू हाय तवर बटनाला कोन हात लावत न्हाई. गानं थांबलं, केरबा भाईर आला, त्यानं तोंड दावलं, की मग चालू. अठरा वर्सं झाली. तुमच्या पुस्तकात न्हाई व्हय ह्ये?"

नव्हतं. मी औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेला होते. तेवीस वर्षांची, आणि कारखान्यातल्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आलेली. दर शनिवारी शहरात वर्ग असायचा. आमचे सर फळ्याकडं पाठ करून, हात मागं बांधून सांगायचे, "माणसाच्या कानावर, आठवणीवर, चांगुलपणावर जीव टांगून ठेवायचा नाही. जीव टांगायचा तो लोखंडावर." मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं. वडील एसटीत कंडक्टर. आमच्या घरात तोवर कुणी अधिकारी म्हणून कारखान्याच्या फाटकातून आत गेलं नव्हतं. मला ते व्हायचं होतं.

शनिवारी मी गाण्याची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "इंगवले, तुमचा प्रकल्प मिळाला तुम्हाला."

कुलूप आणायला महिना गेला. बटणाच्या पेटीवर मुख्य खटका होता, तो खाली ओढून त्याला कुलूप लावायचं. एक कुलूप, एकच चावी. आणि सोबत एक लाल कार्ड, त्यावर मी स्वतः रंगानं लिहिलं होतं: आत माणूस आहे. नियम असा, की जो आत जाणार त्यानंच कुलूप लावायचं आणि चावी त्याच्याच खिशात राहणार. तो बाहेर येईल, स्वतःच्या हातानं कुलूप काढेल, तेव्हाच चक्की फिरेल. मालकांनी परवानगी दिली, कारण परदेशी गिऱ्हाईक पाहणीला यायचं होतं.

शेडमध्ये माझं नाव सेफ्टीबाई पडलं. "चक्कीला काय चोर न्हेत्यात व्हय?" असं कुणी म्हणे. कुणी म्हणे, आता सेफ्टीबाई आमच्या डब्यालाबी कुलूप लावनार, भाकरी गार झाली तर अपघात नको. चौगुले मेस्त्री तर चहा पिताना मोठ्यानं विचारायचे, "पोरी, लग्नात नवऱ्याला कार्ड लावशील का? आत मानूस हाय म्हनून?" मी लाल व्हायचे. ते हसायचे, आणि मग स्वतःच्या बशीतला अर्धा चहा माझ्याकडं सरकवायचे. त्यांना मुलगी नव्हती.

एकटे केरबामामा हसले नाहीत. सावळे, वाळलेले, केसांत कायमची राख बसलेली. त्यांनी कुलूप हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"म्हंजे बटन दाबलं तरी फिरायची न्हाई?"

"नाही फिरणार, मामा. दाबून बघा."

त्यांनी स्वतः कुलूप लावलं. चावी खिशात टाकली. खांबापलीकडं जाऊन बटण दाबलं. चक्की गप्प. पुन्हा दाबलं. पुन्हा. चार-पाच वेळा दाबून ते तिथंच उभे राहिले, पाठ माझ्याकडं करून. किती तरी वेळ वळलेच नाहीत. मला वाटलं, दुखावले. अठरा वर्षं ज्या गळ्यानं त्यांचा जीव राखला, त्या गळ्याला मी कुलपानं हरवलं होतं.

पण कुलूप आलं तरी गाणं चालूच राहिलं, आणि तिथं घोटाळा व्हायला लागला. दोनदा असं झालं की मामा आत होते आणि पेटी उघडीच. विचारलं तर मेस्त्री म्हणाले, "गातोय की. कशाला ती भानगड?" मी घाबरले. पाहणी पंधरा दिवसांवर आलेली. दोन गोष्टी असल्या की माणसं सोपी तेवढी धरतात, हे मला कळलं. एकच ठेवायला हवी होती.

मी केरबामामांना शेडबाहेर, नळापाशी गाठलं. ते हात धूत होते.

"मामा, एक सांगू? रागावू नका. आता आत असताना गात जाऊ नका."

त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही गाता म्हणून हे लोक कुलूप लावू देत नाहीत. गाणं थांबलं की आपोआप लागेल सवय."

"अजिबात न्हाई गायचं?"

"अजिबात नाही."

पाणी नळाखाली त्यांच्या बोटांवरून वाहत होतं, काळं, मग राखाडी, मग स्वच्छ. ते म्हणाले, "बरं, बाई."

दुसऱ्या दिवसापासून चक्कीत फक्त छिन्नीचा आवाज. टक, टक, टक. कुलूप रोज लागायला लागलं. पाहणी झाली. परदेशी माणसानं लाल कार्डाचा फोटो काढला. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या संध्याकाळी शेडमधून निघताना मला पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. शेड तेवढीच मोठी होती, पण कुणीतरी तिच्यातला दिवा नेला होता. मला ती ओवी पाठ झाली होती. दुसरीही येत होती:

वाळू दळून बाईयांनो, मला मिळाली भाकर
लेकीच्या गं ताटामंदी, वर चिमूट साखर

एकदा मी ती मेस्त्रींना गुणगुणून दाखवली. ते म्हणाले, "म्हन म्हन. त्याचं बंद पाडलंस, आता तू म्हन." चेष्टेतच म्हणाले. मी पुन्हा गुणगुणले नाही.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी कारखान्यात काम नसतं, पूजा असते. सकाळपासून माणसं यंत्रं धुतात, पुसतात, तेल लावतात. सगळी हत्यारं ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात. झेंडूच्या फुलांचा ढीग पडलेला. या फाउंड्रीत आणखी एक रीत होती. आरती झाली की सगळ्यात जुन्या कामगारानं प्रत्येक यंत्र एकेक फेरा फिरवायचं. बसून राहिलेल्या देवाला उठवायचं, असं म्हणत. सुरुवात चक्कीपासून, कारण वाळूशिवाय ओतकाम नाही. आणि सगळ्यात जुने कामगार चौगुले मेस्त्री.

पूजा बाराला होती. अकराच्या सुमाराला केरबामामा चक्की शेवटची साफ करायला आत शिरले. नवा पांढरा सदरा घालून आले होते, तो काढून त्यांनी खिळ्याला अडकवला. खाली नुसती चड्डी. कुलूप लागलं, कार्ड लागलं. माझ्या डोळ्यांदेखत लागलं.

साडेअकरालाच मालक पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांना पुढं दुसरीकडं जायचं होतं, म्हणून पूजा आत्ताच उरकूया असं ठरलं. एकच पळापळ झाली. कुणी नारळ आणतंय, कुणी कापूर शोधतंय. मालकांच्या पत्नीनं मला बोलावलं. सगळ्या कारखान्यात मी एकटीच मुलगी. नवरात्रातली कुमारिका म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि आरतीचं ताट माझ्या हातात दिलं. मला फार बरं वाटलं. चार महिने ज्यांनी माझी चेष्टा केली ती सगळी माणसं माझ्यामागं हात जोडून उभी होती.

चक्कीच्या पेटीला हार घालायचा होता. देवीच्या दिवशी कुलूप बरं दिसत नाही, असं कुणीतरी म्हणालं. केरबा मघाशीच अंघोळीला गेला, असंही कुणीतरी म्हणालं. बरेच जण पूजेआधी मागच्या हौदावर अंघोळीला गेले होते, त्यामुळं ते खरंच वाटलं. मेस्त्रींनी कुलूप काढलं. कार्ड काढून खिशात घातलं. खटका वर केला, आणि पेटीवर झेंडूचा भरगच्च हार चढवला.

हलगी सुरू झाली, झांजा सुरू झाल्या. हलगीच्या कडकडाटात छिन्नीचा आवाज कुठून ऐकू येणार.

आरती संपली. मेस्त्रींनी डोळे मिटून बटणाला हात लावला, तो हात आधी कपाळाला नेला, मग बटण दाबलं.

चक्कीचे दोन फेरे झाले. मग तिचा आवाज बदलला. मी फाउंड्रीत नवी होते, मला कळलं नाही. जुन्या सगळ्यांना एकदम कळलं. मेस्त्रींनी खटका खाली ओढला. झांजवाला मागं उभा होता, त्याला काही दिसत नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला.

पुढचं मी सांगणार नाही. माझ्या हातात ताट होतं, आणि ते मी खाली ठेवलं नाही, एवढं मला आठवतं. कापूर जळून गेला तरी मी ते धरूनच उभी होते.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. सरकारी अधिकारी मालकांच्या खोलीत बसले होते. त्यांनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा विचारली. चावी आत जाणाऱ्या माणसाकडं असायची, तर कुलूप उघडलं कसं?

मी भिंतीला टेकून उभी होते. चौगुले मेस्त्री खुर्चीत बसले नव्हते, जमिनीवर बसले होते. तीन दिवसांत त्यांची मान आत गेली होती.

"चावी माज्याकडं हुती," ते म्हणाले.

"तुमच्याकडं कशी आली?"

मेस्त्रींनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग खाली बघून म्हणाले, "केरबानं दिली. आत जाताना. अंगावर सदरा नव्हता त्येच्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मृताने सुरक्षा नियमाचा भंग करून चावी स्वतः दुसऱ्याच्या ताब्यात दिली. मला विचारलं, तुम्ही प्रशिक्षणार्थी म्हणून नियम समजावून सांगितला होता का? मी हो म्हटलं. मृताला तो समजला होता का? मी हो म्हटलं. कागद माझ्यापुढं आला. मी सही केली.

केरबामामांच्या बायकोला, आक्काताईमामींना, मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, डबा द्यायला आल्या तेव्हा. चौकशीनंतर चार दिवसांनी त्या सदरा न्यायला आल्या. तो अजून खिळ्याला तसाच होता, पांढरा, घडीच्या रेषा न मोडलेला. कुणी हात लावला नव्हता. मीच तो काढून त्यांना दिला. त्यांनी तो झटकला, घडी घातली, पदराखाली धरला. फाटकापर्यंत मी सोबत गेले. तिथं त्या थांबल्या.

"बाई, येवढंच सांगा. त्येनं खरंच चावी दुसऱ्याच्या हातात दिली?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यांना नुसतं जाणून घ्यायचं होतं.

"सगळी म्हनत्यात, त्योच चुकला. पन अठरा वर्सं ज्यानं एक दिवस चूक केली न्हाई..." त्या थांबल्या. "तुमी हुता की तिथं. दिली का त्येनं?"

मी मान हलवली. हो अशी.

"आपल्या हातानं?"

मी पुन्हा हलवली.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. "मग त्येला माजी, पोरीची काय पडली नव्हती म्हना," असं म्हणून त्या रस्त्याला लागल्या. मी त्यांना वळणापर्यंत जाताना पाहिलं. एकदाही मागं वळून पाहिलं नाही त्यांनी.

मी पहिल्या वर्गात पास झाले. प्रकल्पाला चांगले गुण पडले. त्यात अपघाताचं एक पान होतं, 'नियम न पाळल्याचा परिणाम' अशा मथळ्याखाली. नोकरी लागली, मग दुसरी लागली. लग्न झालं, मुलगा झाला. गेली काही वर्षं मी मोठ्या कारखान्यात सुरक्षाप्रमुख आहे, आणि शनिवारी त्याच पदविकेच्या वर्गाला शिकवते. मुलं-मुली वहीच्या पहिल्या पानावर माझी वाक्यं लिहून घेतात. मी कुलूप शिकवते तेव्हा फळ्याकडं तोंड करते.

मेस्त्रींवर खटला झाला. दोन वर्षं तारखा चालल्या, शेवटी ते सुटले. पण त्या दिवसानंतर ते कुठल्याच कारखान्यात गेले नाहीत. गावी शेताच्या बांधावर बसून असायचे. मी एकदा भेटायला गेले होते. त्यांनी चहा केला, अर्धा माझ्याकडं सरकवला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "न्हाई, पोरी. तू शिकलीस न्हवं? मग झालं." त्यानंतर ते पावसाबद्दल बोलत राहिले.

एकोणीस वर्षांनी, गेल्या मार्गशीर्षात, ते गेल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा रक्षाविसर्जन झालं होतं, माणसं पांगत होती. पाणवठ्यापासच्या वाटेवर एक म्हातारी काठी टेकत माझ्याकडं येताना दिसली. जवळ आल्यावर ओळखलं. आक्काताईमामी.

"सेफ्टीबाई न्हवं का?" त्या म्हणाल्या. "चष्मा लागला व्हय तुमाला."

त्यांचं गाव तिथून दोन मैलांवर. मेस्त्रींच्या घरी त्या दरवर्षी यायच्या, असं मला तेव्हा कळलं. मी आश्चर्यानं पाहिलं असेन, कारण त्या म्हणाल्या, "त्येच्या हातानं झालं, पन त्यानं खोटं न्हाई सांगितलं. कोन सांगतंय खरं? दुसरा असता तर म्हनला असता, मला ठावंच न्हाई. म्हनून येत हुते."

त्यांनी मला घरी नेलं. पत्र्याचं छप्पर, सारवलेलं अंगण, कडेला वाळत घातलेल्या शेंगा. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, म्हणून घरात त्या एकट्याच. मला घोंगडं टाकून बसवलं आणि शेंगांचं सूप मांडीवर घेऊन फोडत बसल्या. भिंतीवर मुलीच्या लग्नाचा फोटो होता, देवांचे होते. केरबामामांचा नव्हता. मी शोधतेय हे त्यांनी पाहिलं.

"त्येचा न्हाई लावला," त्या म्हणाल्या. "पोरगी लई भांडली. म्हटलं, मी मेल्यावर लाव."

मी त्यांच्या बोटांकडं पाहत राहिले. शेंग मोडायची, दाणे सुपात, टरफल खाली.

मला काहीतरी सांगायचंच होतं. एकोणीस वर्षं मी एक वाक्य जवळ बाळगून होते. ते मोठं वाटायचं, आणि सांगायला सोपंही. मी ते काढलं.

"मामी, एक सांगायचं राहिलंय. मामांना आत गाऊ नका, असं मीच सांगितलं होतं. ते गात असते तर त्या दिवशी सगळ्यांना कळलं असतं. गाणं मी बंद केलं."

त्यांची बोटं थांबली. मग त्या हसल्या, अगदी थोडंसं, नाकातून.

"गानं व्हय? गानं न्हवतं ते, बाई. भ्यायचा त्यो."

मला कळलं नाही.

"चक्कीला भ्यायचा. अठरा वर्सं रोज भ्यायचा. गळा थांबला की कुनीतरी बटन दाबनार, असं त्येला वाटायचं. ताप आला तरी गायचा, घसा बसला तरी गायचा. घरी येऊन मुक्यागत पडायचा, हूं का चूं न्हाई. पोरीला त्येनं कदी एक ओवी म्हनून न्हाई दावली. सगळी म्हनायची, काय गळा हाय केरबाचा. मी म्हनायची, घ्या, तुमीच घ्या." त्यांनी एक शेंग उचलली, पण फोडली नाही. "तुमी कुलूप आनलं त्या दिवशी घरी आला, आनि उंबऱ्यातच बसला. म्हनला, आक्के, आज मी पाच येळा बटन दाबलं. फिरली न्हाई गं. आनि जवा तुमी म्हनला की आता गाऊ नका, त्या दिशी साखर घिऊन आला हुता. दोन म्हयने, बाई, दोन म्हयने माज्या मानसाला झोप लागली."

अंगणात कोंबडी शेंगांच्या टरफलांत पाय मारत होती. 

"म्हनून तर राग हाय," मामी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ज्या कुलपापायी त्येला झोप लागली, त्याची चावी त्येनं आपल्या हातानं दुसऱ्याला दिली. कशी दिली? रातरात बसून इचार करते. माजी नसंल पडली, पोरीची तरी? देवाला हात जोडते तवा त्येचं नाव घेत न्हाई मी. एकोनीस वर्सं घेतलं न्हाई. वर गेल्यावरबी पयलं त्येलाच इचारनार हाय, का दिलीस म्हनून."

त्या पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. मला जायची वेळ झाली होती, गाडी बाहेर उभी होती. मेस्त्री गेले होते. आता हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, आणि मी उठून गेले असते तर कधीच कुणाला कळलं नसतं.

मी त्यांच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला ठेवलं.

"मामी, मेस्त्री खोटं बोलले. माझ्यासाठी बोलले. मामांनी चावी त्यांना दिलीच नव्हती."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"मला दिली होती. सदरा काढला तेव्हा म्हणाले, बाई, वाळूत पडली तर घावायची न्हाई, तुमच्यापाशी असली म्हंजे माझ्यापाशीच असल्यागत हाय. नियम मीच केला होता, तरी मी घेतली. ओढणीच्या टोकाला बांधली. मग ताट आलं माझ्या हातात, कुंकू लावलं, सगळे बघत होते. मेस्त्रींनी चावी मागितली. केरबा बाहेर आला का, असं त्यांनी मलाच विचारलं, मामी. मी आत डोकावून पाहिलं नाही. मी हो म्हणाले."